विलंबित फिर्याद आणि सरकार पक्षाचा धर्म

ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तेथे हायकोर्ट हेच सर्वांत वरचे न्यायालय) ७ एप्रिल २०२० रोजी कार्डिनल जॉर्ज पेल यांच्या अपिलात जो निकाल दिला, त्याची बातमी आमच्या वाचकांनी त्या वेळी वाचली असेल. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांतून एक मोठा धर्माधिकारी सुटला, एवढेच त्या बातमीतून हाती लागले. कोणास हायसे वाटले, कोणास संताप आला; निकालपत्र मात्र फारच थोड्यांनी वाचले. ते वाचण्याजोगे आहे. त्याची भाषा रुक्ष आहे, तीत आवेशाचा लवलेश नाही. तथापि जुन्या लैंगिक गुन्ह्यांचा खटला कसा चालवावा, आणि तो चालविताना सरकारी वकिलाने काय करावे व काय करू नये, या प्रश्नाचा इतका निर्मळ विचार अलीकडच्या काळात आमच्या पाहण्यात आलेला नाही. त्यातील उणिवाही आम्हांस सांगावयाच्या आहेत.

परधर्मीयांच्या देवघरातील प्रकरणाशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, हा सारा खटला एका उपासनाविधीच्या क्रमावर उभा होता. आणि विधीचा क्रम म्हणजे काय चीज असते, हे देवळाच्या आवारात वाढलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणास कळणार? गोव्यात तर इगर्ज आणि देऊळ यांच्यामध्ये कित्येकदा एखाद्या शेताचेच अंतर असते.

हकीकत थोडक्यात अशी. पेल हे १९९६ च्या ऑगस्टात मेलबोर्नचे आर्चबिशप झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, रविवारच्या मोठ्या मीसनंतर, सेंट पॅट्रिक कथीड्रलात पाद्रींची वस्त्रे बदलण्याच्या खोलीत त्यांनी गायनवृंदातील १३ वर्षांच्या दोन मुलांवर अत्याचार केला, आणि १९९७ च्या फेब्रुवारीत त्यांपैकी एकास पुन्हा बोळात गाठले, असा आरोप होता. दोघांपैकी एक मुलगा मोठेपणी, २०१४ मध्ये, वारला. त्याने कधी तक्रार केली नव्हती. आईने एकदा विचारले तेव्हा असे काही घडले नाही असेच त्याने सांगितले होते. दुसरा २०१५ च्या जूनमध्ये पोलिसांकडे गेला. घटना आणि फिर्याद यांत १८ वर्षांहून अधिक अंतर पडले. पहिल्या ज्यूरीचे २०१८ मध्ये एकमत झाले नाही. दुसऱ्या ज्यूरीने त्याच वर्षी ११ डिसेंबरला पाचही आरोपांवर पेल यांस दोषी ठरविले. मार्च २०१९ मध्ये ६ वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टात व्हिक्टोरिया राज्याच्या अपील न्यायालयाने दोघांविरुद्ध एक अशा मताने ती कायम केली. हायकोर्टाच्या सातही न्यायमूर्तींनी ती एकमताने रद्द केली. तोवर पेल यांनी वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. १० जानेवारी २०२३ रोजी ते रोममध्ये मरण पावले.

फिर्यादीची साक्ष हाच सरकार पक्षाचा मुख्य आधार होता, आणि ती साक्ष हलकी नव्हती. दुसऱ्या ज्यूरीने ती प्रत्यक्ष ऐकलीही नाही. पहिल्या खटल्यातील तिचे चित्रमुद्रण तिला दाखविण्यात आले. तरीही ती तिला पटली. अपील न्यायालयातील बहुमतासही पटली. दुसऱ्या बाजूस होते कथीड्रलाचे सेवेकरी: विधिप्रमुख, वस्त्रागाराचा सांभाळ करणारा, वेदीसेवक, गायनवृंदातील माणसे. २० वर्षांपूर्वीच्या नेमक्या त्या रविवारी काय घडले, हे त्यांना कोठून आठवणार? त्यांनी जे सांगितले ते रूढीविषयी. मीस संपल्यावर आर्चबिशप दरवाजाबाहेरच्या पायऱ्यांवर १० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ उभे राहून लोकांची विचारपूस करीत. विधीची वस्त्रे अंगावर असेतो त्यांना कथीड्रलात एकटे सोडण्याची पद्धत नव्हती. कोणीतरी सोबत असेच. आणि मीस झाल्यावर १०-१५ मिनिटे त्या वस्त्रागारात माणसांची सारखी ये-जा चाले.

येथे आम्ही वाचकांना आपल्या देवळाकडे चलण्याची विनंती करतो. मंगेशीला सोमवारी पालखी निघते. पुढे कोण, मशाल कोणाच्या हाती, छत्र कोण धरतो, देव परतल्यावर आरतीस कोणी कोठे उभे राहावयाचे, आणि त्यानंतर कोणता भट कोणत्या दाराने आत जातो, हे तेथे वाढलेले १० वर्षांचे पोरही डोळे मिटून सांगेल. मात्र ‘अमक्या साली, अमक्या सोमवारी, तुम्ही भटजींस त्या जागी स्वतः पाहिले काय?’ असे विचारा. ८० वर्षांचे महाजनही गप्प बसतील. रूढीची आठवण पक्की असते, दिवसाची नसते. मग कोर्टाने त्या पक्क्या आठवणीस किती मोल द्यावे? रूढी मोडते, हे आपण सारेच जाणतो. एखाद्या सोमवारी पाऊस येतो, मशालजी आजारी पडतो, भटजी घाईने आत शिरतात. ‘नेहमी असे होत असे’ यावरून ‘त्या दिवशीही तसेच झाले’ हे सिद्ध होत नाही. परंतु ‘त्या दिवशी तसे झाले नाही’ हे तरी त्यावरून कोठे सिद्ध होते?

अपील न्यायालयातील बहुमताचा पाय येथेच घसरला, आणि हायकोर्टाच्या निकालाचे खरे वैभव ती घसरण नेमकी दाखविण्यात आहे. बहुमतातील दोघा न्यायमूर्तींनी, मुख्य न्यायमूर्ती फर्ग्युसन आणि अध्यक्ष मॅक्सवेल यांनी, रूढीविषयक एकेक पुरावा हाती घेतला आणि विचारले: एवढ्याने फिर्यादीची हकीकत अशक्य ठरते काय? आर्चबिशप एखाद्या दिवशी पायऱ्यांवर कमी वेळ थांबले नसतील कशावरून? एखाद्या दिवशी एकटे राहिले नसतील कशावरून? प्रत्येक ठिकाणी उत्तर आले की, शक्य आहे. म्हणून हकीकत टिकते. वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही. पण प्रश्नच उलटा विचारला गेला होता. फिर्यादीचे म्हणणे खरे असणे शक्य आहे की नाही, हे फौजदारी कोर्टाने पाहावयाचे नसते; गुन्हा घडलाच नसण्याची वाजवी शक्यता उरते की नाही, हे पाहावयाचे असते. पहिल्या प्रश्नात आरोपीने अशक्यता सिद्ध करावी लागते, दुसऱ्यात सरकार पक्षाने अपराध सिद्ध करावा लागतो. शब्द थोडेसेच बदलले, आणि पुराव्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती वाइनबर्ग यांनी हे आधीच ओळखले होते.

शिवाय एकेक शक्यता सुटी पाहिली की ती लहान दिसते. त्या दिवशी पायऱ्यांवरचे थांबणे चुकले, त्याच दिवशी सोबत चुकली, आणि त्याच ५-६ मिनिटांत वस्त्रागारही रिकामे राहिले, या तिन्ही गोष्टी एकत्र घडाव्या लागतात. वस्त्रागाराच्या सेवेकऱ्याने सांगितले होते की, लोकांस शांतपणे प्रार्थना करता यावी म्हणून मीसनंतर ५-६ मिनिटे तो वेदीवरचे सामान हलवीत नसे. ही जी फट, तीतच अत्याचार घडला असे सरकार पक्षाने मांडले. परंतु त्या फटीत वेदीसेवक होते कोठे, याचा समाधानकारक उलगडा पुराव्यातून करून देणे त्यास साधले नाही. हायकोर्ट म्हणते की, ज्यूरीने फिर्यादीस विश्वासार्ह मानले हे आम्ही गृहीत धरतो. तरीही या असंभवांची बेरीज पाहता ज्यूरीस वाजवी संशय यावयास हवा होता. फिर्यादी खोटे बोलला, असे निकालात कोठेही म्हटलेले नाही. सातही न्यायमूर्तींनी त्याच्या साक्षीचे चित्रमुद्रण पाहण्याचेही टाळले. चेहऱ्यावरून खरेखोटे ओळखण्याचे काम ज्यूरीचे, अपील कोर्टाने सामान्यतः कागदावरचा पुरावा तोलावा, असा त्यांचा दंडक. आम्हांस तो मान्य आहे. साक्षीदाराचा आवाज कापला म्हणून सत्य आणि स्थिर राहिला म्हणून असत्य, असल्या मोजमापावर तुरुंगाचे दार उघडझाप करू लागले तर कोणाचीच धडगत नाही.

आता सरकारी वकिलाकडे वळू. कथीड्रलाच्या या सेवेकऱ्यांस साक्षीस आणले कोणी? आरोपीने नव्हे, सरकार पक्षाने. आमच्याकडील वाचकास हे विचित्र वाटेल. पण ऑस्ट्रेलियात हा दंडक जुना आहे. १९७४ चा रिचर्डसन, १९८३ चा व्हाइटहॉर्न, १९८४ चा अपोस्टिलिडीस हे तेथील निकाल याच विषयावरचे. घटनेविषयी महत्त्वाचे सांगू शकणारा साक्षीदार आपल्या सोयीचा असो वा गैरसोयीचा, सरकारी वकिलाने त्यास उभे करावयाचे. सबळ कारणाशिवाय वगळावयाचे नाही. पेल खटल्यात हे कर्तव्य पाळले गेले, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. एखाद्या धूर्त वकिलाने त्या साक्षीदारांस गाळून केवळ फिर्यादीच्या साक्षीवर मामला उभा केला असता.

मात्र कर्तव्याचा उत्तरार्ध पुरता पार पडला नाही. साक्षीदार आणला, त्याने गैरसोयीचे सांगितले, त्याच्या प्रामाणिकपणास कोणी आव्हान दिले नाही. मग अखेरच्या भाषणात त्याच्या सांगण्याच्या विरुद्ध चित्र ज्यूरीपुढे रंगविणे कितपत उचित? साक्षीदार खोटा किंवा विसरभोळा आहे असे म्हणावयाचे, तर तसे त्याच्या तोंडावर विचारावे, त्यास उत्तराची संधी द्यावी. विचारावयाचे नाही, तर त्याचे म्हणणे हिशेबात धरूनच आपला मामला मांडावा. या खटल्यात सरकार पक्ष दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा राहिला, आणि त्याची किंमत अखेर फिर्यादीनेही मोजली. दोनदा साक्षीपुराव्याचे दिव्य, दोन अपिले, जगभरचा गाजावाजा, आणि हाती काय आले? आरोपीस न्याय्य वागणूक देणे म्हणजे फिर्यादीचा घात करणे, असा जो समज पसरला आहे तो आम्हांस मुळीच पटत नाही. कच्चा मामला ओढूनताणून ज्यूरीपर्यंत नेल्याने फिर्यादीचे कोणते कल्याण झाले?

लंडनमध्ये याहून वाईट घडले. २०१४ मध्ये तेथील एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने, तपास पुरा होण्यापूर्वीच, जुन्या बालअत्याचारांविषयीची एका इसमाची हकीकत विश्वसनीय आणि खरी असल्याचे वार्ताहरांपुढे जाहीर केले. २०१६ मध्ये तो तपास कोणावरही आरोप न ठेवता गुंडाळावा लागला, आणि २०१९ मध्ये त्या फिर्यादीसच खोट्या तक्रारीबद्दल १८ वर्षांची शिक्षा झाली. तपास करणाऱ्याने तक्रार गंभीरपणे ऐकावी. तिच्यावर आधीच शिक्कामोर्तब केले की तपास करण्याजोगे उरते काय?

विलंबाविषयी मात्र आपल्या समाजात जी बेफिकिरी दिसते ती आम्हांस सहन होत नाही. ‘इतकी वर्षे काय झोपला होता?’ हा प्रश्न पारावर जितका सहज विचारला जातो, तितकाच तो अज्ञानाचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात संस्थांतील बालअत्याचारांची चौकशी केली. ८ हजारांवर पीडितांस खाजगीत भेटून त्यांचे ऐकून घेतले. अत्याचाराविषयी प्रथम तोंड उघडण्यास त्यांना सरासरी २३.९ वर्षे लागली होती. म्हणजे आमच्या खटल्यातील १८ वर्षे ही त्या सरासरीहून कमीच. विलंबावरून फिर्याद खोटी ठरत नाही, हे तेथील कोर्टाने ज्यूरीस सांगावयाचे असते. त्याचबरोबर विलंबामुळे आरोपीची हानी होत असेल तर तीही सांगावयाची असते: रोजनिशा गहाळ होतात, साक्षीदार मरतात, त्या रविवारी आपण कोठे होतो हे सिद्ध करणारा माणूसच उरत नाही. या दोन गोष्टी एकमेकींस खोडत नाहीत, आणि दोन्ही ध्यानात ठेवणे कठीण असते हे आम्ही वकिलीच्या धंद्यात नित्य पाहतो.

त्याच आयोगाच्या अहवालाचा पेल यांच्याविषयीचा जो भाग खटल्यामुळे झाकून ठेवला होता, तो निकालानंतर मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाद्र्यांकडून मुलांवर अत्याचार होतात याची जाणीव पेल यांस १९७३ पर्यंत झालेली होती, असा निष्कर्ष त्यात होता. पेल यांनी तो नाकारला. कित्येकांस वाटले की, पाहा, हायकोर्ट चुकले! पण संस्थेने पाप झाकले हा एक आरोप, आणि अमक्या रविवारी अमक्या खोलीत अमक्याने हात घातला हा दुसरा. शिक्षा सुनावणारे न्यायाधीश किड यांनीही पेल यांस बजावले होते की, चर्चच्या अपयशासाठी तुम्हांस बळीचा बकरा करण्यात येणार नाही. त्यांनी शिक्षा दिली ती ज्यूरीच्या निर्णयानुसार. हे वाक्य मात्र त्यांचे स्वतःचे, आणि फार योग्य.

निकालपत्राविषयी आमच्या दोन तक्रारी आहेत. आरोपातील डिसेंबराचे ते दोन रविवार म्हणजे पेल यांनी आर्चबिशप म्हणून त्या कथीड्रलात रविवारचे मोठे मीस करण्याचे पहिले-दुसरेच प्रसंग. रूढी म्हणावी अशी ती तोवर रुजली होती काय? हायकोर्ट हा प्रश्न टाळत नाही, पण त्यावरून फार भरभर पुढे जाते. आणखी चार ओळी येथे हव्या होत्या. दुसरी तक्रार अशी की, दोष सिद्ध न होणे आणि फिर्यादी खोटा ठरणे यांतील अंतर निकालात गर्भित आहे, स्पष्ट शब्दांत नाही. कायदेपंडितास ते दिसते. सामान्य माणसास, विशेषतः ज्याने असेच काही मनात दडवून ठेवले आहे त्यास, ते दिसत नाही. एका परिच्छेदाने हे काम झाले असते.

आता आपल्या घरी. हबीब मोहंमद विरुद्ध हैदराबाद संस्थान या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये शिक्षा रद्द केली. कारण असे की, गोळीबाराच्या जागी हजर असलेला एक वरिष्ठ पोलीस अधिकारी सरकार पक्षाने साक्षीस आणलाच नव्हता. १९९९ च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात याच न्यायालयाने सांगितले की, सरकारी वकिलाने शिक्षेची तहान धरू नये, आणि आरोपीच्या हिताची बाब बचावाच्या नजरेतून सुटली तर ती स्वतः कोर्टापुढे ठेवावी. तपासात मिळालेले परंतु सरकार पक्षास नको असलेले जबाब व कागद यांची यादी आरोपीस द्यावी, असे २०२१ पासून ठरले आहे. तत्त्व उत्तम. व्यवहारात मात्र अडचणीचा साक्षीदार दिसला की दोन ओळींची पुरसीस दाखल होते, तो ‘वगळला’ जातो, आणि कोर्ट तिला निशाणी क्रमांक देऊन पुढे जाते.

तथापि ‘आरोपीस न्याय’ या शब्दांचे आपल्याकडे काय झाले आहे, हेही विसरून चालणार नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्याचे एक मोठे कारण. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मेलबोर्नचा संशय पुराव्यातून निघाला होता. देसाईगंजचा संशय बाईने कसे वागावे याविषयीच्या न्यायाधीशांच्या कल्पनेतून निघाला. दोन्हींस एकच नाव देणारास आम्ही वकील म्हणणार नाही.

जुन्या फिर्यादींस आपल्या कायद्यात आणखीही अडथळे आहेत. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांस तीन वर्षांची मुदत. म्हणून १९९६ साली एखाद्या मुलीचा विनयभंग झाला असेल, तर कोर्टाने विलंब माफ केल्याशिवाय १९९९ नंतर दार बंद. मुलग्यावर झालेल्या अत्याचारास त्या काळी ३७७ कलमावाचून जवळजवळ काही नव्हते. २०१२ चा पॉक्सो कायदा मागे नेता येत नाही, कारण घटनेचे २० वे कलम आड येते. ज्या दिवशी कृत्य झाले त्या दिवसाचाच कायदा लावावयाचा, हा नियम योग्य आहे.

पण आजच्या मुलांस पॉक्सो लागू आहे, आणि त्याचे १९ वे कलम देवस्थानांच्या समित्यांनी वाचून ठेवावे. बालकावर असा गुन्हा झाल्याचे ज्यास कळले, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणे हा २१ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखास तर एक वर्षापर्यंत कैद आहे. भजनाच्या वर्गास, पाठशाळेस, जत्रेच्या दिवसांत अग्रशाळेत राहावयास आपली मुले देवळात येतात. तेथे काही घडल्याची कुजबूज झाली तर समितीची सभा भरवून दोन्ही पक्षांस समजावणे, देवास कौल लावणे, भटजींस दुसऱ्या गावी पाठविणे, यांपैकी काहीही कायद्यास मान्य नाही. त्यात मुलाची हानी आहेच. भटजी निर्दोष असेल तर त्याचीही आहे, कारण कुजबुजीतून सुटका करून देणारी उलटतपासणी समितीच्या सभेत होत नसते. आणि २० वर्षांनी तो मुलगा बोलू लागेल तेव्हा पालखीचा क्रम सांगणारे पुष्कळ मिळतील. त्या सोमवारी काय झाले हे कोठे लिहून ठेवलेले नसेल.

मेलबोर्नच्या फिर्यादीने निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ८ एप्रिल २०२० रोजी, एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचे नाव कायद्याने आजही गुप्त आहे. न्यायालयाच्या निर्णयाचा मी आदर करतो आणि तो मला मान्य आहे, असे त्याने म्हटले. आणि या निकालामुळे इतर पीडितांनी पोलिसांकडे जाण्याचे टाळू नये, अशी इच्छा प्रकट केली.